कळमन्याच्या अडतीत मराठी कीबोर्ड: जुना पोको, स्क्वीकबोर्ड आणि ९ कॉलम

आधी निकाल सांगून टाकतो. टचस्क्रीनवर मराठी कीबोर्ड बनवायचा असेल तर पहिला प्रश्न "लेआऊट कोणता" हा नाहीच, पहिला प्रश्न आहे की एका ओळीत बटणं किती. बाकी सगळं, म्हणजे कुठलं अक्षर वर, कुठलं शिफ्टखाली, जोडाक्षर कसं काढायचं, हे सगळं त्या एका आकड्यातून निघतं. आम्ही नागपूरला एका खऱ्या दुकानात खऱ्या माणसांच्या हातात हे करून पाहिलं, आकडा ९ वर येऊन थांबला, का थांबला ते सविस्तर लिहितोय कारण मराठीत यावर लिहिलेलं मला फारसं सापडलं नाही आणि हा विषय मला खूप जवळचा वाटतो.

परिस्थिती काय होती

मित्राच्या वडिलांची कळमना मार्केटला संत्र्याची अडत आहे. सीझनमध्ये, म्हणजे आंबिया बहाराला सप्टेंबर ते डिसेंबर आणि नंतर मृगाच्या वेळी, सकाळी गाड्या लागल्या की कोणाचा माल, कुठल्या गावचा, किती कॅरेट, काय भाव गेला हे सगळं भराभर टिपून घ्यावं लागतं. हे वहीत चालायचंच. काकांना ते फोनवर पाहिजे होतं म्हणजे संध्याकाळी शेतकऱ्याच्या हिशोबाची पट्टी बनवताना परत वही चाळत बसायला नको. पण दोन अटी होत्या, एक म्हणजे फोन दुकानाचा, कोणाच्याही हातात जाईल असा, त्यात कोणाचं अकाउंट नको, आणि दुसरी म्हणजे शेतकऱ्यांची नावं नि भाव दुकानाबाहेर कुठल्या सर्व्हरवर जायला नको. दोन्ही अटी मला शंभर टक्के पटल्या.

घरात २०१८ चा पोको एफ१ पडून होता. हा फोन पोस्टमार्केटओएस या मोकळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर बऱ्यापैकी चालतो. पोस्टमार्केटओएस २०१७ मध्ये सुरू झालेलं, अल्पाइन लिनक्सवर उभं असलेलं काम आहे आणि फोन १० वर्षं वापरता यावा हाच त्यांचा उद्देश, त्यामुळे आमच्या कामाला अगदी बरोबर बसत होतं. कॉल करायचेच नव्हते, कॅमेरा नको होता, फक्त लिहायचं होतं. वर फॉश टाकलं, म्हणजे फोनचा पडदा नि मेनू सांभाळणारा भाग, आणि फॉशसोबत कीबोर्ड म्हणून स्क्वीकबोर्ड. हा कीबोर्ड प्युरिझम कंपनीने त्यांच्या लिब्रेम ५ फोनसाठी बनवलेला, आत सी आणि रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषा, पण आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट ही की लेआऊट एका साध्या मजकुराच्या, यामल नावाच्या फाईलमध्ये असतो आणि ती फाईल आपल्या होम फोल्डरमधल्या ठरलेल्या जागी टाकली की झालं, कंपाईल वगैरे काही नाही. कुठली ओळ, ओळीत कुठली बटणं, बटणावर काय दिसेल आणि दाबल्यावर काय उमटेल हे सगळं त्या फाईलमध्ये. फाईलचं नाव तेवढं सिस्टीममध्ये निवडलेल्या लेआऊटच्या नावाशी जुळलं पाहिजे.

सुरुवात इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या मानक लेआऊटने केली कारण लॅपटॉपवर मी तोच वापरतो. इनस्क्रिप्ट चांगला विचार करून बनवलेला आहे, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, १९९१ च्या आयएस १३१९४ मानकात तो आहे आणि दहा बोटांनी लिहिणाऱ्यासाठी आजही त्याला तोड नाही असं माझं मत आहे. पण फोनवर दहा बोटं नसतात, एक अंगठा असतो, फार तर दोन.

मिलिमीटरचा हिशोब

पोकोची स्क्रीन ६.१८ इंच, रिझोल्यूशन १०८० बाय २२४६. यातून रुंदी काढली तर साधारण ६८ मिलिमीटर येते. इंग्रजी क्वर्टीच्या ओळीत १० बटणं म्हणजे एक बटण ६.८ मिमी. इनस्क्रिप्टच्या वरच्या ओळीत ौ पासून नुक्त्यापर्यंतच १२ होतात, ॉ धरला की १३, म्हणजे बटण ५.२ मिमी. ॲन्ड्रॉइडवाले बटणासाठी ४८ डीपी (ॲन्ड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) सांगतात, ते भरतं जवळपास ९ मिमी. मग ५.२ वर अंगठा टेकवून बरोबर अक्षर येईल ही अपेक्षाच चूक आहे.

(२००८ मध्ये ओपनमोकोचा निओ फ्रीरनर हा मोकळ्या सॉफ्टवेअरवरचा फोन आला होता, २.८ इंच स्क्रीन, उभा धरला तर रुंदी ४३ मिमीच्या आत. त्यावर १० बटणांची ओळ म्हणजे बटण सव्वाचार मिमी. पण त्याची स्क्रीन दाब ओळखणारी होती, नखाने किंवा काडीने चालायची, म्हणून निभलं. आताच्या कपॅसिटिव्ह स्क्रीनवर नख चालत नाही, बोटाचं पूर्ण मांस टेकतं, म्हणून तेव्हाचे छोटे लेआऊट आता जसेच्या तसे उचलता येत नाहीत.)

आता कोणी म्हणेल की इंग्रजीत ६.८ वर चालतं नं सगळ्यांचं, मग मराठीत काय अडचण. तर इंग्रजीत चालतं कारण मागे ऑटोकरेक्ट उभा असतो, तुम्ही टी च्या जागी आर दाबलं तरी शब्द सुधारून मिळतो. आमच्या फोनवर मराठीसाठी असं काहीच नव्हतं, आणि शेतकऱ्यांच्या आडनावांना तर कुठलाच शब्दकोश पुरणार नाही, त्यामुळे जे दाबलं तेच उमटणार, आणि म्हणून बटण इंग्रजीपेक्षा मोठं पाहिजे, लहान तर नाहीच नाही. पूर्ण ९ मिमी पाहिजे तर ७ कॉलम बसतात, पण चार ओळींत २८ च बटणं होतात आणि निम्मी मराठी शिफ्टखाली जाते. ९ कॉलम केले तर बटण साडेसात मिमीचं, आणि चार ओळींत ३६ बटणं, त्यातून शिफ्ट आणि बॅकस्पेस वजा केले तर ३४ अक्षरं पहिल्या पानावर. खाली पाचवी ओळ स्पेस वगैरेची. फोन उभा धरला की उंची स्वस्त असते आणि रुंदी महाग, स्क्रीनची उंची १४१ मिमीच्या आसपास आहे, त्यात पाच ओळींना ४२ मिमी दिले तरी एक तृतीयांशसुद्धा जात नाही. इंग्रजीच्या चार ओळी बघून आपणही चारच करायच्या ही सवय मोडली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

३४ जागा कोणाला

इथे खरी मजा आहे आणि इथेच सगळ्यात जास्त वाद झाले.

पहिली ओळ पूर्ण मात्रांना दिली: ा ि ी ु ू े ो ं ् अशा बरोबर नऊ. सुटे स्वर शब्दाच्या सुरुवातीला किंवा दुसऱ्या स्वरानंतरच येतात, मात्रा मात्र बहुतेक शब्दांत, कधी दोन-दोन तीन-तीन, म्हणून मात्रा वर आणि इ ई उ ऊ त्याच बटणांच्या शिफ्टखाली. पण अ, आ, ए या तिघांना शिफ्टखाली टाकलं नाही, कारण आहे, आणि, आता, आला, असं, एक हे शब्द काढून टाकले तर मराठी वाक्यच उभं राहत नाही.

दुसरी ओळ क ग च ज ट ड त द ण, तिसरी न प ब म य र ल व स. ख घ छ ठ ढ थ ध फ भ हे आपापल्या सोबतीच्या शिफ्टखाली, म्हणजे क वर शिफ्ट केलं की ख, हे इनस्क्रिप्टसारखंच ठेवलं कारण ही जोडी शाळेपासून डोक्यात बसलेली असते. चौथ्या ओळीत शिफ्ट, मग ह श ळ झ अ आ ए, मग बॅकस्पेस.

झ वर आला यावर मित्र अडून बसला होता, त्याचं म्हणणं झ ला ज च्या शिफ्टखाली ठेव आणि जागा भ ला दे. मी म्हटलं बोलून पाहा: झाला, झाली, झालं, माझं, तुझं. दुकानात तर "सौदा झाला" हे दिवसभर. झ राहिला.

आणि ळ. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इनस्क्रिप्टमध्ये ळ हा ल च्या शिफ्टखाली आहे, आणि देवनागरी म्हणून जे बरेचसे कीबोर्ड मिळतात ते हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनलेले असतात, त्यात ळ कुठेतरी कोपऱ्यात असतो. नागपूरला तसंही अर्धा बाजार हिंदीत बोलतो, त्यामुळे माणूस कंटाळून कळमनाचं "कलमना" करून मोकळा होतो. आमच्या इथे मार्केटचं नावच कळमना, मालाची गावं कळमेश्वर, तिथे ळ एका टचवर नसेल तर तो मराठी कीबोर्ड कसला.

शिफ्टच्या पानावर ओ औ ऐ, ॅ आणि ॉ, ष, ृ वगैरे बसले. कॅरेट हा शब्द प्रत्येक नोंदीत आहे, त्यामुळे ॅ ला े च्याच शिफ्टखाली सोपी जागा दिली. ॲ पण घेतला, हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या मानक यादीत, २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं, त्याआधीची साधनं हिंदीचा ऍ देऊन भागवायची आणि मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्याला ते लगेच खटकतं.

शेतकऱ्यांचा

हा एक शब्द आम्ही कसोटी म्हणून वापरला, कारण अडतीत तो रोज लागतो आणि त्यात मराठीचे सगळे कंगोरे आहेत. "कार्यालय" मधला रफार आणि "शेतकऱ्यांचा" मधला तो आडवा र, दोन्ही र आणि य च्या जोडीतूनच येतात पण दिसतात वेगळे. साधा र, हलंत (्), य लिहिलं की रफार मिळतो. आडवा पाहिजे तर ऱ हे वेगळं अक्षर घ्यायचं, मग हलंत, मग य. तो ऱ आम्ही र च्या शिफ्टखाली ठेवला.

आणि मग लक्षात आलं की मराठीत "्या" ही माळ किती येते. च्या, त्या, ज्या, ल्या, ऱ्या, संत्र्याच्या, गाड्यांच्या, दिलेल्या, वाक्य लिहायला घ्या आणि मोजा. स्क्वीकबोर्डमध्ये एका बटणाला एकाहून जास्त चिन्हांची माळ देता येते, मग स्पेसच्या शेजारी एक बटण फक्त "्या" चं केलं. आता मोजून बघा: "शेतकऱ्यांचा" ला इनस्क्रिप्टमध्ये ११ चिन्हं आणि श व ऱ साठी दोन शिफ्ट असे १३ टच, आमच्या इथे १०. "कळमेश्वर" तिथे १०, इथे ८. एका शब्दात दोन-तीन टच वाचले ऐकायला छोटं वाटतं पण गाडी खाली होत असताना एका हातात फोन धरून लिहिणाऱ्या माणसाला ते लगेच जाणवतं.

याची एक बाजू अशी की खोडताना मात्र त्या माळेतलं एकेक चिन्ह जातं. आम्ही वापरत होतो त्या नोंदीच्या ॲपमध्ये "च्या" वर बॅकस्पेस मारला की आधी ा जातो, मग य, मग हलंत. एका टचने आलेलं एका टचने जात नाही. कीबोर्डने स्वतः हे नीट करायचं म्हटलं तर वेलँडच्या (लिनक्सवर ॲप आणि स्क्रीन यांना जोडणारी यंत्रणा) इनपुट मेथड प्रोटोकॉलमध्ये आजूबाजूचा मजकूर पुसायची सोय आहे, पण तिथे लांबी बाइटमध्ये द्यावी लागते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत ३ बाइटचं, म्हणजे "्या" साठी ९. फाईलमधल्या लेआऊटला हे जमत नाही, त्यासाठी कीबोर्डच्या कोडमध्ये उतरावं लागेल. काकांना दोन दिवसांत सवय झाली म्हणून आम्ही ते तसंच ठेवलं.

बटणावर काय दिसावं

हे मी आधी किरकोळ समजत होतो असं नाही, पण लोकांच्या हातात दिल्यावर सगळ्यात जास्त बोलणं यावरच झालं. नुसती मात्रा बटणावर लिहिली की फॉन्टचं इंजिन तिच्या बाजूला ठिपक्यांचं वर्तुळ काढतं, कारण मात्रेला टेकायला अक्षर नाही. काका बघून म्हणाले, "काऊन रे, हे गोल गोल कायचं हाय? हे दाबलं तं गोल येते का?" प्रश्न अगदी रास्त होता. मग बाराखडीसारखं का कि की कु कू असं लिहून पाहिलं, दिसायला फार छान, पण काका थेट "का" दाबून "क" ची वाट पाहू लागले आणि यायचा फक्त काना, म्हणून तो पर्याय गळला. शेवटी जे चाललं ते युनिकोडच्या मानकातच सांगितलेलं आहे, सुटी मात्रा दाखवायची तर तिच्याआधी न तुटणारी मोकळी जागा टाकायची, मग वर्तुळ येत नाही. स्क्वीकबोर्डमध्ये बटणावरचा मजकूर आणि उमटणारा मजकूर वेगळे ठेवता येतात त्यामुळे हे सहज झालं. "्या" च्या बटणावर नुसतं "/या" लिहिलं, ते सगळ्यांना न सांगता कळलं.

रंग गडद केले, कारण शेडमध्ये अर्धा उजेड नि बाहेर नागपूरचं ऊन. आवाज बंद, कारण बोली चालू असताना बटणाचा टिक कोणाला ऐकू येणार, त्याऐवजी थरथर चालू ठेवली. संत्र्याचा रस लागलेल्या बोटांनी स्क्रीन चिकट होते त्यावर मात्र कुठल्याच लेआऊटमध्ये इलाज नाही, फडकं ठेवायचं.

दिवाणजींचा मुद्दा

दुकानाचे दिवाणजी जुन्या काळी टाइपरायटरवर मराठी ३० ची परीक्षा पास झालेले. त्यांच्या हाताला वेलांटी आधी नि अक्षर नंतर अशी सवय, कारण मशीनवर जसं दिसतं तसंच डावीकडून ठोकत जायचं असतं. युनिकोडमध्ये उलटं, आधी क मग ि, दिसायला मात्र ती डावीकडे जाते. त्यांनी "किलो" लिहिलं की वेलांटी आधी पडून तिच्याखाली वर्तुळ यायचं. मी त्यांना म्हटलं, "दिवाणजी, आधी अक्षर दाबा मग वेलांटी," त्यावर ते म्हणाले, "तीस वर्षं हात जसा गेला तसाच जाईन नं बाप्पा." मला त्यांचं पटतं. तीस वर्षांची हाताची सवय ही त्या माणसाची कमाई आहे आणि सॉफ्टवेअरने तिचा मान ठेवायला पाहिजे. पण आधी आलेली वेलांटी थोडा वेळ धरून ठेवायची आणि अक्षर आल्यावर त्याच्यामागे सोडायची, हे काम साध्या लेआऊट फाईलचं नाही, त्याला मागचं काय लिहिलं ते लक्षात ठेवणारा कीबोर्ड लागतो. फॉशसाठीच दुसरा एक कीबोर्ड आहे, फॉश-ओएसके-स्टब, आता त्याचं नाव स्टीव्हिया झालं, त्यात शब्द सुचवणारी यंत्रणा जोडता येते, भारतीय भाषांसाठीचं वर्णमसुद्धा त्याला जोडता येतं. दिवाणजींसाठी करायचं तर त्या बाजूने जावं लागेल. सध्या ते संध्याकाळची पट्टी लॅपटॉपवर त्यांच्या टाइपरायटरच्या लेआऊटमध्ये करतात आणि फोन काका नि मित्र वापरतात.

अजून एक गोष्ट इथेच सांगतो. ज्या ॲपला वेलँडचा टेक्स्ट इनपुट प्रोटोकॉल कळतो तिथे कीबोर्ड आपोआप वर येतो आणि मजकूर सरळ अक्षरांच्या रूपात पोचतो. जुन्या पद्धतीची, एक्सवेलँड या मधल्या दुव्यातून चालणारी ॲप असली की कीबोर्ड स्वतःहून येत नाही, खालून काढावा लागतो, आणि तिकडे अक्षराऐवजी बटण दाबल्याचा कोड जातो. म्हणून हिशोबाचं आधी निवडलेलं ॲप सोडून साधं, वेलँडशी थेट बोलणारं जीटीकेवालं नोंदीचं ॲप घेतलं. कीबोर्ड चांगला की वाईट हे अर्धं तर तो कुठल्या ॲपमध्ये वापरता यावर ठरतं, त्यामुळे ॲप न ठरवता नुसत्या लेआऊटवर महिने घालवू नका.

गावांचं पान

जी गोष्ट सगळ्यात जास्त वापरात आली ती मुळात योजनेत नव्हतीच. "्या" चं बटण बघून काकाच म्हणाले, "मंग एका बटणात पूरं गाव नाही का बसत?" बसतं! माळ दोन चिन्हांची असो की सहा, फाईलला फरक पडत नाही. मग एक वेगळं पान केलं, त्यावर काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर, वरुड, मोर्शी अशी गावं, आणि खाली कॅरेट, आंबिया, मृग, नगदी, बाकी असे रोजचे शब्द, प्रत्येकाच्या शेवटी स्पेस आधीच टाकलेली. गावांच्या नि शब्दांच्या ओळीत तीनच बटणं, म्हणजे एकेक २२ मिमीच्या वर रुंद, न बघता लागेल असं. आकडे त्याच पानाच्या वरच्या दोन ओळींत, इंग्रजी आकडे, कारण काका वहीत मराठी आकडे लिहितात पण फोनवर त्यांना बँकेच्या पासबुकासारखे पाहिजे होते. आता एक नोंद म्हणजे मूळ पानावर फक्त माणसाचं नाव, बाकी सगळं गावांच्या पानावरून, आणि नावासाठी साडेसात मिमीची बटणं पुरतात.

मला यात सगळ्यात जास्त समाधान याचं आहे की हे पान त्या दुकानाचं आहे, त्यांच्या गावांचं, त्यांच्या शब्दांचं, आणि ते बदलायला कोणाची परवानगी लागत नाही. मोकळ्या सॉफ्टवेअरबद्दल आपण खूप मोठं मोठं बोलतो पण अडतीवरच्या माणसाला तो मोकळेपणा असा हातात द्यावा लागतो.

ज्यांना आपल्या तालुक्यासाठी करायचं त्यांनी तीन गोष्टी सांभाळा. आपल्या फोनची रुंदी मिमीमध्ये काढा आणि तिला साडेसातने भागा, जो आकडा येईल तेवढेच कॉलम, एकही जास्त नको. गावांच्या पानावर लांब नाव असेल तर त्या बटणाला वेगळी रुंदी द्या नाहीतर नाव बटणात मावत नाही. आणि पहिल्या पानावरून ळ हलवू नका, जागा कमी पडली तर ण ला न च्या शिफ्टखाली घ्या, ते चालून जातं.